पाट्या

तंबूत पडद्यावर अक्षरं यायची
आणि मी ती मोठ्यानं वाचायचो.
निम्म्या पेठेला वाचता येत नव्हतं.
खेळाला दोन आणे मिळायचे, वर ओंजळभर फुटाणे.

अक्षरं येसूताई इंगवल्यांची.
नाव मालकाचं.

शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर त्यांचे यजमान कारकून.
तापानं गेले. घरात राहिल्या
एका अंगानं कोऱ्या पावत्यांच्या चवडी.
पुढं रव्यांचा हिशेब, तूट, हमाली;
मागं राजकन्या बुरुजावरून उडी टाकते.

मालक म्हणाले, "बाई, उडी टाकायला कुणी तयार न्हाई."
त्यांनी उभ्या उभ्या पेन्सिल जिभेला लावली,
उडी खोडली.
राजकन्या जिना उतरते.
आणि खाली पाटी:
"उडी सोपी होती."

फिल्म महाग, म्हणून पाटीला सहा शब्दांची हद्द.
येसूताईंना तीन पुरायचे.

हे तीन शब्द मी पावसाळाभर वाचले.
पुढं सतरंजीवर बसलेले तालमीतले पैलवान
फुटाणे चावायचे थांबत.
एका रात्री त्या मागं बायकांत बसलेल्या.
खेळ सुटल्यावर कंदिलापाशी आल्या:
"सोपीवर एवढा जोर देऊ नको, दौलू.
ती रडत न्हाई तिथं."
दुसऱ्या दिवसापासून मी तसंच वाचलं, कोरडं.
तेव्हा मागं कुणीतरी हुंदका दिला.

मग बोलपट आला.
माणसं पडद्यावर बोलायला लागली आणि थांबेचनात.
पुण्याहून एक गृहस्थ आले, संवादांची वही घेऊन,
जाड, कापडी बांधणीची.
येसूताईंनी ती शेवटपर्यंत वाचली,
मिटून परत दिली आणि विचारलं,
"ह्यात गप कधी बसत्यात?"
गृहस्थांना वाटलं, अडाणी बाई.

त्या मुलींच्या शाळेत भरतकाम शिकवू लागल्या.
मी सायकलींची पंक्चरं काढू लागलो.
अजून कधी ट्यूब पाण्यात धरली
की बुडबुडे वाचतो.

रिळं धुऊन कुणी चांदी काढली म्हणे,
उरलेली पट्टी कासारांनी उचलली.
त्या दिवाळीत पापाच्या तिकटीला
नव्या तऱ्हेच्या बांगड्या आल्या, हलक्या, न फुटणाऱ्या.
मी बहिणीला अर्धा डझन घेतल्या.
आधी एकेक उजेडाला धरून बघितली.
काही नाही. पिवळा रंग.

तिला म्हणालो, चुलीपाशी काढून ठेव, पेट घेतात.
हसली.
काढल्या नाहीत तिनं.