अंगठा

जालन्यात, कुंडलिकेच्या अलीकडं,
गट्टाणींच्या पत्र्याच्या शेडमध्ये
रिकाम्या बाटल्या येतात पोत्यापोत्यानं
आणि आम्ही चौघी
त्यांना परत कोऱ्या करतो.

आधी गरम पाणी, मग सोडा.
पुढचं लेबल लगेच सुटतं.
संत्र्याची फोड, सोनेरी अक्षरं,
पाण्यात पडली की रंग सोडून मोकळी.
मागचं चिवट.
त्यावर एक ओळ असते
तिळाएवढ्या अक्षरांची.

नववी पास मी एकटीच.
प्रयागबाई विचारते,
"काय लिव्हलंय गं एवढं चोरून?"
मी वाचते:
मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे.
ती बाटली धरते, पिणाऱ्यासारखी,
उजेडात फिरवून दाखवते,
"हे बघ माय. अंगठा बरोबर तिथंच येतो."

चार दिवस हसलो आम्ही.
रजियाआपाचा दीर, सोपान कंडक्टर,
लग्नात बँड वाजवणारे तिघं भाऊ,
ज्याचा त्याचा अंगठा आठवून आठवून.
माझ्या दादाचं नाव निघालं
तेव्हा मी बुचं वेचायला उठले.

सोड्याचं पिंप निळं आहे.
त्यावर कधी कवटी होती म्हणे,
घासून घासून गेली. आता नुसतं निळं.
प्रयागबाईच्या बोटांवर रेषा उरल्या नाहीत.
रेशनच्या दुकानात ती अंगठा लावते,
पुसून लावते, पदरानं घासून लावते,
मशीन म्हणतं, ही बाई ती नाही.

परवा तिनं मागचं लेबल अख्खं सोडवलं,
उकडलेल्या बटाट्याचं साल काढावं तसं,
आणि ओलंच थापलं पिंपावर.
शेठ हसले, "अहो, हे कोण पितंय?"
रजियाआपानं टाकीतून मान वर काढली नाही.
"हात पितात ना, शेठ."

उद्यापासून हातमोजे आणतो, म्हणाले.
लेबल वाळलं, रात्रीतून गळून पडलं.
हातमोज्याचं अजून उद्याच आहे.

शनिवारी नाली तुंबते.
मी काडी घालून लगदा ओढते,
रोग्यास, निका, द्यपा,
जड, ओला, बादलीभर.
कुठं टाकायचा ते कोणी सांगितलेलं नाही.
भिंतीमागं ओतते.
कागद म्हणून शेळ्या धावत येतात,
हुंगतात,
आणि तशाच वळतात.