सात फुटांना दीड इंच कमी

आमच्याकडे शांतता फुटपट्टीनं मोजत.
टेप सेकंदाला साडेसात इंच धावायची,
त्यामुळे कोण किती वेळ गप्प बसलं
ते टेबलावर पसरून दाखवता यायचं.

मी कापणारा. निवेदक नव्हे, निर्माता नव्हे,
शेवटी घाईत वाचतात त्या "तांत्रिक साहाय्या"तला.
ब्लेड, पिवळी पेन्सिल, चिकटपट्टी.
खोकले काढण्यात माझा हात धरणारं
चर्चगेटच्या त्या इमारतीत कुणी नव्हतं.
साहेबलोकांच्या वाक्यांतले "म्हणजे" काढले असतील
पायलीभर.
एकदा अर्थसंकल्पावरच्या चर्चेत
एका आमदारांचा "नाही" माझ्या हातून चुकून गेला.
प्रसारण झालं.
एकाही श्रोत्याचं पत्र आलं नाही,
आमदारांचंसुद्धा.

त्या बुधवारी विषय होता किनारा आणि विकास.
हिरव्या बनातीच्या टेबलाभोवती तिघं:
एक उपसचिव, प्राध्यापक ग्रेशस,
आणि खारदांड्याच्या देवकाबाई तांडेल,
पाण्याच्या ग्लासाला हात न लावता बसलेल्या.
नवांगूळ बाईंनी काचेपलीकडून मला खूण केली,
बांगड्या वाजताहेत.
मी आत गेलो. म्हणालो, जरा काढून ठेवता का.
देवकाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी खिशातला रुमाल पुढे केला.
त्यांनीच तो मनगटावर गुंडाळला, घट्ट,
जखमेवर बांधतात तसा.

दिवा लाल झाला.
उपसचिव म्हणाले, विचाराधीन.
म्हणाले, सर्वंकष. म्हणाले, योग्य त्या स्तरावर.
सात बेटं एकमेकांना जोडता जोडता
प्राध्यापकांची सहा मिनिटं संपली.
मग निवेदिकेनं गोड आवाजात विचारलं,
"आणि देवकाबाई, तुमच्या मुलांना समुद्राऐवजी
चांगली नोकरी मिळाली तर?"

देवकाबाई गप्प.
उपसचिवांनी घड्याळ पाहिलं.
काटे हलत होते, सुया पडून होत्या,
फक्त एकदा, रुमालाआडून, एक बांगडी. बारीक.
अकराव्या सेकंदाला म्हणाल्या,
"समुद्राऐवजी म्हंजे काय?"

"मधली गॅप काढा," नवांगूळ बाई म्हणाल्या,
"पुढे बाजारभाव आहेत, थांबत नाहीत ते."
मी काढली.
जोड इतका साफ, की मलाही सापडेना.
प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर.
ऐकणाऱ्याला वाटावं,
बाईंना शब्दच कळला नाही.

महिन्याभरानं खारच्या बाजारात दिसल्या.
"लागला काय माजा बोलना?"
लागलं, म्हणालो.
"अक्खा?"
मी पाटीतल्या बोंबलांकडे बघत म्हणालो, अख्खं.
त्यांनी दोन बोंबील वर टाकले.
रुमाल मागायचं मला सुचलं नाही,
त्यांना द्यायचं.

ती मशीनं कधीच भंगारात गेली.
चर्चा चालू आहेत. दाढी करताना ऐकतो,
किनारा अजून विचाराधीन आहे.
आताच्या पोरांना ब्लेड लागत नाही,
पडद्यावर आवाजाची रेघ दिसते,
सपाट झाली की पुसून टाकतात,
लांबी बघत नाहीत.

ती पट्टी मी फेकली नव्हती.
सुपारीच्या डबीत होती, गुंडाळी करून.
परवा काढली, एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं
आणि मागे मागे सरकत गेलो.
सात फुटांना दीड इंच कमी.
उभी केली असती तर माझ्याहून हातभर उंच.

बोटांना तपकिरी भुकटी लागली.
बायको म्हणाली, काय आहे त्याच्यावर?
काही नाही, म्हणणार होतो. सवय.
म्हणालो, मधे कुठेतरी
एक बांगडी आहे.