बाटली क्रमांक एकशे बारा

सकाळी साडेसातला, पोहे पोटात जाण्याआधी,
पंचवीस मिलीलिटर.
काळपट काचेची बाटली, वर नाव नाही, कंपनी नाही,
फक्त आकडा.
आमच्या खात्याला असा माल सापडला असता
तर मी जागेवर सील ठोकलं असतं.

एकतीस वर्षं वजनमाप खात्यात.
सियागंजात माझी स्कूटर वळली
की दुकानांतले काटे आपोआप शहाणे व्हायचे.
बुडाशी पोखरलेली वजनं,
तळाला मेण थापलेली तेलाची मापं,
सगळी या बोटांनी पकडली.
आता याच बोटांत रोज एक माप असतं
आणि त्यात काय आहे
ते मला ठाऊक नाही.

"मलाही ठाऊक नाही, काका,"
डॉक्टर लुणावत म्हणाली. माझ्या धाकटीच्या वयाची.
ऑलिव्हचं तेल दोन्ही बाटल्यांत,
पण एकात फळाचा कडवट अर्क वरून घातलेला,
दुसरं नुसतं तेल.
सहा महिन्यांनी रक्त सांगेल
नसा सैलावल्या का, साखर हटली का,
वाईट चरबी उतरली की तशीच बसली ठाण मांडून.
तोवर लिफाफा बंद.
मी सही केली.
बंद लिफाफ्यांवर माझा विश्वास आहे.

कालिंदीचा नाही.
"ते झाड तरी कधी पाहिलंत?"
तिनं एकदा त्यात मोहरी टाकली फोडणीला.
घराला परक्या पाहुण्याचा वास आला
आणि मला वहीत खरं ते लिहावं लागलं:
ता. ९. माप वाया. कारण: पत्नी.

खासगीवाल्यांची बाटली एकशे एकोणीस.
रविवारी बागेतल्या बाकावर
त्यांनी खिशातून खोकल्याच्या औषधाची कुपी काढली,
झाकणभर ओतलं.
दुसऱ्याचं चाखू नये, असं कागदावर स्पष्ट होतं.
पण नमुना घ्यायची सवय
निवृत्तीबरोबर जमा करून घेत नाहीत.

झोंबलं.
जिभेला नाही, पार मागे, घशाच्या तळाशी,
मिरचीचं देठ अडकावं तसं.
खोकून खोकून डोळ्यांत पाणी.
खासगीवाले खुशीत: "दम आहे ना?
आमच्या हिनं तुमच्या वहिनींनाही सांगितलंय,
झोंबतं तेच अस्सल!"

माझं तेल गुळगुळीत आहे.
कुणाला न दुखावता उतरतं खाली.

त्या रात्री डाव्या कुशीवर झोपलो नाही.
स्वतःचे ठोके मोजले, दोनदा चुकलो.
आणि का कोण जाणे, खात्यातलं ते कपाट आठवलं,
दोन किल्ल्यांचं.
आत मखमलीच्या खाचेत पितळेचं एक किलो.
त्यानं कधी गूळ तोलला नाही,
जिरं नाही, साबुदाणा नाही.
वर्षातून एकदा त्याला चिमट्यानं उचलायचं,
पारड्यात ठेवायचं,
आणि बाकीच्यांनी त्याच्यासमोर
आपापलं खरंखोटं सिद्ध करायचं.
मग पुन्हा खाचेत.
मी ते पुसायचो तेव्हा मला कधी
त्याची दया आली नव्हती.

वहीत लिहिलं: ता. १७.
दुसऱ्याच्या बाटलीतून झाकणभर. चूक माझी.
लुणावतनं वाचलं, पेन गालाला टेकवून बसली.
"तुमची जीभ म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, काका,"
म्हणाली, आणि माझ्या नावापुढे काहीतरी खरडलं.
मग दंडाला पट्टा गुंडाळला.
एकशे अडतीस, शहाऐंशी.
"पुढचे चार महिने येणार ना?"
येणार म्हणालो.

आज साडेसात.
माप प्रकाशाला धरलं, डोळ्यांच्या रेषेत,
तेलाचा काठ रेघेला टेकेपर्यंत थांबलो.
एक थेंब जास्त झाला, तो परत बाटलीत.
प्यालो. काहीच नाही.

स्वयंपाकघरातून, कढईवरची नजर न काढता:
"झोंबलं का हो?"

मी खोकलो.
एकतीस वर्षांत एकदाही कुणाला
कमी माप दिलं नव्हतं.
"झोंबलं गं," म्हणालो, "चांगलंच झोंबलं."
तिनं पोह्यांवर शेव टाकली,
रोजच्यापेक्षा चिमूटभर जास्त.