बारा वाव

मिठबावला, खोलीतल्या सारवलेल्या जमिनीवर
रात्री सगळं मांडून बसले.
टॉर्च, टोपी, ओआरएसची सहा पाकिटं,
टाचेच्या फोडांसाठी पट्ट्या,
एक पंचा, गळ्यात अडकवायच्या पट्ट्यासकट कॅमेरा,
आणि नको नको म्हणताना मंदाकिनीनं
केळीच्या पानात बांधून दिलेले सुके बांगडे.

मग पाणी.
तासाला अर्धा लिटर. मे आहे, पाऊण धरू.
सड्यावर कातळ तापतो, आणखी पाव.
आचऱ्यापर्यंत नऊ तास.
नऊ लिटर म्हणजे नऊ किलो,
म्हणजे माझी भाची, पहिल्या वाढदिवसाची,
पाठीवर घेऊन घाटी चढायची.
त्या ओझ्यानं घाम जास्त,
घामासाठी अजून एक लिटर,
त्या लिटरच्या घामासाठी

इथं पेन्सिल ठेवली.
पाणी वाहायला पाणी लागतं
हे गणित वहीत संपत नव्हतं.

गुणाजी तर बांधून आला होता.
दारातच उभं राहून त्यानं माझ्या बाटल्या मोजल्या.
"पाणी कित्याक व्हरतंस?
बावीक पाणी आसा. दोरी घे."
केवढी?
"मार्चात आठ वाव. आता बारा धर."
आणि दोन्ही हात फाकून वाव दाखवला,
या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत,
तीस वर्षं खाडीत वासा रेटलेले हात.

तो गेल्यावर बल्बखाली
निळी नायलॉनची दोरी मी छातीवरून मोजली,
बारा वेळा, नीट ताणून.
सहा लिटर काढले, तीन ठेवले.
बांगडे परत करायचा धीर झाला नाही.

बाव सापडली तेव्हा साडेअकरा वाजले होते.
करवंदीच्या जाळीआड, रहाट नाही,
काठाच्या जांभ्याला जुन्या दोरांच्या खाचा.
बाटल्यांत घोटभर उरलेलं.
तांब्या सोडला. उतरत गेला, उतरत गेला,
आणि दोरी संपली.
खाली, काळोखात, पाण्याच्या हातभर वर
तो नुसता गोल गोल फिरत राहिला.

बराच वेळ वाकून बघत होते.
मग स्वतःचे हात फाकले, उन्हात,
आणि हसू आलं.
माझे बारा म्हणजे त्याचे दहासुद्धा नसतील.

पंचा बांधला. तरी चार बोटं कमी.
कॅमेऱ्याचा पट्टा सोडवून बांधला.
बुडुक, असा आवाज आला खालून.

पाण्याला गंजाची चव होती, थोडी साबणाची.
दोन तांबे प्यायले, एक डोक्यावर ओतला,
बाटल्या भरल्या.
गाठी भिजून अशा बसल्या की सुटेनात,
म्हणून पुढे दोरी, पंचा, पट्टा
एकाच वळकटीत खांद्यावर,
कॅमेरा हातात,
आणि मुणग्याच्या उतारावर, दुपारी दोनला,
भूक लागली तेव्हा
बांगडेच होते.