मार्चअखेर

मी कवी नाही, हे आधी सांगते.
चरईतल्या पतपेढीत तीन नंबरच्या खिडकीत बसते,
एकोणीस वर्षं झाली,
आणि आजवर हाताने जे जे लिहिलं
ते संध्याकाळी दोन्ही बाजूंनी जुळलं आहे.

झालं ते असं.
नऊ मार्च, सव्वाअकरा.
वरचा पंखा नुसता आवाज करणारा.
मुदत ठेवींची थप्पी, शिक्का, ओला स्पंज,
काचेपलीकडे विटाव्याचे वैती काका,
पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात,
आणि माझ्या डावीकडच्या गजांतून
शेजारच्या सोसायटीचा पांगारा.

तो काही नवा नव्हता.
केबलवाल्याने त्याला वायरचं भेंडोळं अडकवलेलं,
दिवाळीतला कंदील अजून लटकतोय, काड्या उरल्यात फक्त.
डबा खाताना माझी नजर त्याच्यावर असायची
जशी भिंतीवर असते.

त्या दिवशी अंगावर पान म्हणून नाही
आणि टोकाटोकाला असा लाल
की वाटलं, कुणीतरी चुकीच्या खात्यात
भलतीच रक्कम भरून गेलंय.

हसू आलं.
मग तेच पुन्हा आलं, जरा केस विंचरून,
आणि त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी,
दार न वाजवता.
हाताशी होता तो कागद ओढला:

पांगाऱ्या, तुझं केवायसी झालंय का?
एवढी लाली उचललीस, कुणाच्या सहीने?
तारण काय ठेवलंस?
सगळी पानं?

"बाय, मना काय घाय नाय," वैती काका म्हणाले.
त्यांना वाटलं मी व्याज काढतेय.

पाचव्या ओळीसाठी थांबले.
साळुंक्या फुलांत तोंड खुपसून भांडत होत्या,
खाली कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर
चार पाकळ्या, पावती न घेता.
सगळं समोर होतं. ओळ नव्हती.
मागे रांगेत कुणी खाकरलं.
मी शिक्का मारला, सात हजार मोजले,
दोनदा मोजले,
पुढचे.

रात्री कणीक तिंबताना आठवलं,
तो कागद म्हणजे काकांची पैसे काढायची स्लिप.
पाठीमागे त्यांची सही,
थरथरती, बोटीच्या दोरासारखी,
आणि सहीच्या वर माझ्या चार ओळी.
बंडल बांधलं गेलं होतं. सुतळी, लाख, सगळं.

एप्रिलमध्ये ऑडिटला कर्णिक आले.
हिरवं पेन, थर्मासमधला स्वतःचा चहा,
आजवर त्यांना हसताना पाहिलेल्या माणसाला
मी भेटलेले नाही.
तिसऱ्या दिवशी एका स्लिपवर थांबले.
उलटी केली, सुलटी केली,
ओठ हलवत वाचली.
माझ्या मानेवर घाम.

"हे वैती," ते म्हणाले,
"कविता करतात?"

सांगता आलं असतं.
एका शब्दात नोंद दुरुस्त झाली असती,
तांबड्या शाईने, बाजूला छोटी सही.
मी म्हटलं,
"बोलत नाहीत फारसे."

कर्णिकांनी मान हलवली.
आकड्यापुढे हिरवी खूण केली,
मग जरा थांबून
त्या ओळींपुढेही एक,
बारीक.
तोवर गजांबाहेर पांगाऱ्याला
पानं आली होती, तीन तीनच्या जुडग्यांनी,
आणि लाल कुठे गेलं
ते कुणीच विचारलं नाही.

तर माझी एकुलती एक कविता
वैती काकांच्या खात्यावर जमा आहे.
त्यांना ठाऊक नाही.
परवा आले, कर्णिक उठून उभे राहिले,
खुर्ची दिली.
काका बिचकले, टेकले मात्र नाहीत,
खुर्चीवर पिशवी ठेवली.

हे वरचं सगळं मी घरी लिहिलंय,
सुट्टीच्या दिवशी, ठरवून, खोडून खोडून.
दिसतंच आहे ते.
ती आली होती फुकट,
सव्वाअकराला, गर्दीत,
आणि पाचवी ओळ
अजून येणे बाकी.