हातचा एक

त्या हिवाळ्यात अबास्तुमानीला वीज नव्हती.
खाली अख्खा जॉर्जिया काळोखात, पावाच्या रांगेत,
आणि वर आभाळ इतकं स्वच्छ
की लामाराबाईंना त्याची लाज वाटायची.
मी वेधशाळेचा फिटर. घुमट हातानं फिरवायचो,
बेअरिंगला सूर्यफुलाचं तेल,
खाऊन उरलं तर.

ओतियाची कादंबरी तिबिलिसीहून आली
सरपणाच्या ट्रकमधून.
नायक शास्त्रज्ञ. पांढरा कोट, रुंद कपाळ,
शोध लागला की खिडकीपाशी जाऊन उभा राहतो.
"खिडकीपाशी?" बाई म्हणाल्या.
"मला पहिला धूमकेतू दिसला तेव्हा
मी भिंग पुसलं. पुन्हा पुसलं.
मग तुला उठवलं, आठवतं?"
आठवतं. मी म्हणालो होतो, डाग आहे.

दोनशे बाराव्या पानावर त्या थांबल्या.
यानाचा पहिला टप्पा सतरा दिवस, दुसरा चोवीस;
नायक फळ्यावर लिहितो: एकतीस.
धूमकेतू आदळणार पस्तिसाव्या दिवशी, संध्याकाळी.
म्हणजे ग्रह वाचतो. लोक रडतात. समाप्त.

"हातचा विसरला की हा!"
सात नि चार अकरा.
एक्केचाळीस.
यान पोचेल तेव्हा
सहा दिवसांची शिळी राख.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
एक दशांश चुकला तर
विद्यार्थ्याची वही भिरकावणारी ही बाई
रॉकेलच्या दिव्याशी बसली, कोटावर कोट चढवून,
आणि कागदावरच्या माणसांसाठी
एखादी प्रामाणिक पळवाट शोधू लागली.

चाळिसाव्या पानावर एक बारका चंद्र होता,
ओतिया पुढे त्याला विसरूनच गेलेला.
बाईंनी यान त्याच्या कुशीवरून वळवलं.
चार दिवस सुटले.
दोन उरले.
शाई गोठली, पेन्सिल घेतली.
मी चुलीत खुर्चीचा पाय सारला.
दोन.
इंधन वाढवू या का, मी विचारलं.
"तुझ्या घरचं आहे?"

पहाटे त्या मागं मागं चाळत गेल्या
आणि अठ्ठ्याऐंशीवर बोट ठेवलं.
शोध जाहीर झाल्याची मेजवानी. मंत्री, भाषणं,
दोन दिवस नायक टाळ्या घेत बसलेला.
"हे काढ," म्हणाल्या, कोणाला ते कळलं नाही,
आणि सबंध पानावर आडवी रेघ मारली.

पत्र लिहिलं. टपाल बंद होतं.
पुढे ओतियाचाही पत्ता राहिला नाही, बाईंचाही.

पुस्तक माझ्याकडे आहे.
बाकीच्या प्रती असतील कुठे कुठे कपाटांत,
तिथे मेजवानी होते, बेरीज चुकते,
सगळे केव्हाच मेलेत,
फक्त त्यांना कोणी कळवलेलं नाही.

माझ्या प्रतीत यान पस्तिसाव्या दिवशी उजाडता उजाडता पोचतं.
काठावर पास.
दिवा गेला की मी ते उघडतो,
बोटांवर मोजून बघतो,
सात नि चार.