अर्थिंग

वहीच्या मागच्या पानावर यादी आहे.
आधी प्रोसेसर. खोडलेला. खाली पुन्हा तोच, बाण काढून.
मदरबोर्डसमोर प्रश्नचिन्ह,
कारण जो सॉकेटला बसतो
तो बजेटमध्ये बसत नाही.

घणसोली गावात माझ्याइतक्या हळदी
कुणी पाहिल्या नसतील, तेही खुर्चीवरून न उठता.
भोईरांची, केणींची, तळवलीच्या मढवींची,
चार-चार तासांचं फुटेज, बेंजो, ड्रोन,
नवरदेवाच्या आत्याचा तोच नाच तीन बाजूंनी.
जुना लॅपटॉप एकसष्ट टक्क्यांवर थांबायचा.
त्याच्याखाली मी स्टीलचं ताट उलटं ठेवायची.
ते चालायचं एक वेळ,
पण त्याच्या पडद्यावर हळद हिरवट दिसायची.
मी अंदाजाने रंग सुधारले आणि दोन लग्नं तशीच दिली.
एका घरून फोन आला,
पोरीला कावीळ झाल्यासारी दिसतंय गो.

तेव्हा मॉनिटरला कात्री लावणार नाही.
निहार म्हणतो, रंग जाऊ दे ताई, हर्ट्झ बघ.
शत्रू भिंतीआडून तुटक-तुटक आला तर तो मरतो म्हणे.
त्याचे साठवलेले नऊ हजार यादीत आहेत
म्हणून त्याला मत आहे.
काचेच्या बाजूचा कॅबिनेट हे त्याचं मत.
लुकलुकणारे सहा पंखे हेही.
मी म्हटलं, गणपतीचं मखर नाही करत आपण.
चार पंख्यांवर मिटलं. दोन लुकलुकणारे.

वाशीला, सेक्टर सतराच्या दुकानात
जिग्नेशने ग्राफिक्स कार्ड हातावर ठेवलं.
किलोभराच्या सरंग्याएवढं वजन.
भाव ऐकून परत दिलं.
मग त्याच्याहून लहान पाहिलं: गेमला पुरेल, एडिटला अडेल.
निहार माझ्याकडे बघेना.
रॅमच्या दोन काड्या ठरल्या, सोळा-सोळाच्या.
पॉवर सप्लाय साधाच द्या, म्हटलं, आत कुणाला दिसतोय?
तर ज्याला विकायची घाई असायला हवी तो म्हणाला,
दिसत नाही त्यात पैसे वाचवू नका.

घरी बाबांनी यादी मागितली.
तीस वर्षं रबाळ्याला मोटारी रिवाइंड केल्या त्यांनी.
नावं सोडून दिली, नुसते वॅट वाचत गेले
बोट ओळीखाली ठेवून.
पानाच्या कोपऱ्यात बेरीज केली, जुळली.
मग म्हणाले,
सगला लिवलास. पन अर्थिंग हाय का गो घरान?

त्यांनी बल्बाची एक वायर फेजला धरली,
दुसरी वरच्या मोठ्या भोकात.
बल्ब पेटला नाही.
ते तिसरं भोक भिंतीत कुठेच जात नव्हतं.
इतकी वर्षं फ्रीजला हात लावला की मुंग्या यायच्या
आणि आम्ही चपला घालून पाणी घ्यायचो.
मला वाटायचं, फ्रीज असेच असतात.

खड्डा खणायचा तर जमीन हवी.
आज्याची होती, खाडीकडे, भाताची.
आता तिथे सेक्टर आहे, सेक्टरला नंबर आहे,
आणि आमचे साडेबारा टक्के अजून फायलीत आहेत.
घरामागे, मोरी आणि शेजाऱ्याच्या भिंतीमध्ये
हातभर माती उरलेली, तीत आईचं अळू.
अळू उपटलं. आई काही बोलली नाही,
दोन दिवस भाजी तीच होती.

बाबा पहारीने खणत राहिले, निहारने घमेली उपसली.
तांब्याची पट्टी, कोळसा, जाडं मीठ, पुन्हा कोळसा.
त्याआधी तळाशी पाणी लागलं होतं, काळं.
बाबांनी मूठभर चिखल नाकाशी नेला.
खारी, एवढंच म्हणाले,
आणि बराच वेळ हात धुतले नाहीत.

यादीत शेवटी लिहिलंय: मीठ, दहा किलो.
प्रोसेसर एक पायरी खाली आणला, त्यात जमलं.
पार्ट शनिवारी आणायचेत.
आज आम्ही पाळीपाळीने
अनवाणी, ओल्या हाताने
फ्रीजला हात लावून बघतोय.
काही होत नाही.
निहारने दोनदा लावला.